वाटणी झाली, मोजणी राहिली

कृष्णा खोऱ्याच्या दुसऱ्या लवादाने ३० डिसेंबर २०१० रोजी निवाडा दिला. न्या. ब्रिजेशकुमार अध्यक्ष असलेल्या या लवादाने २९ नोव्हेंबर २०१३ च्या पुरवणी अहवालात अखेरची वाटणी अशी केली: महाराष्ट्राला ६६६ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला ९०७ आणि आंध्र प्रदेशाला १००५. हा निवाडा अजून राजपत्रात आलेला नाही. कायदा असा आहे की राजपत्रात प्रसिद्ध झाल्याशिवाय लवादाचा निवाडा राज्यांवर बंधनकारक होत नाही, आणि ती प्रसिद्धी सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०११ च्या आदेशाने अडली. मधल्या काळात आंध्रची दोन राज्ये झाली. तेलंगणाने आपला हिस्सा नव्याने मागितला आणि २०२३ मध्ये केंद्राने याच लवादाकडे त्या दोघांमधल्या वाटणीचे काम सोपवले. त्यामुळे आज कृष्णेवर अंमल चालतो तो १९७६ सालच्या निवाड्याचा. तो १८९४-९५ ते १९७१-७२ या वर्षांच्या प्रवाहनोंदींवर बेतलेला आहे.

एका नदीची ही गोष्ट देशातल्या बहुतेक पाणीतंट्यांना लागू पडते. कोणाचा हिस्सा किती, हे ठरवण्यावर आपण पिढ्याच्या पिढ्या घालवल्या. पाऊस कमी झाला तर त्या हिश्श्यातले कोणी किती सोडायचे, कोणत्या महिन्यात सोडायचे आणि ते पाणी कोणत्या ठिकाणी कोण मोजणार, याची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी अपुरी राहिली किंवा झालीच नाही. भांडण पेटते ते नेमके इथे. चांगल्या पावसाच्या वर्षी कावेरीसाठी कोणी बस जाळत नाही.

मुळात घटनेची रचना पाहू. पाणी हा राज्यसूचीतला विषय, नोंद १७. पण आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्रसूचीच्या नोंद ५६ मध्ये आहे, आणि राज्याचा अधिकार त्या नोंदीच्या मर्यादेत आहे. तंटे सोडवण्यासाठी अनुच्छेद २६२ आहे. संसदेने कायदा करून यंत्रणा उभारावी आणि हवे तर सर्वोच्च न्यायालयाचा अधिकारही बाजूला ठेवावा, असे तो सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये ही तरतूद घटना समितीत मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचे काम हाताळले होते. नदीचे खोरे हे एकच एकक मानून त्यासाठी एक प्राधिकरण असावे, हा विचार त्यांच्यापुढे स्पष्ट होता.

१९५६ मध्ये संसदेने दोन कायदे केले. आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा भांडणासाठी होता. नदी मंडळ कायदा भांडण होऊ नये म्हणून एकत्र नियोजन करण्यासाठी होता. पहिल्या कायद्याखाली लवादांमागून लवाद आले. दुसऱ्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झाले नाही. पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ मला या एका गोष्टीत दिसते.

पाणी वाटायचे कोणत्या तत्त्वाने, हा प्रश्न त्याआधीचा. वरच्या राज्याने म्हणावे, आमच्या डोंगरात पडलेले पाणी आमचे. खालच्याने म्हणावे, आमच्याकडे आजवर जेवढे येत होते तेवढे यायलाच हवे. सिंध आणि पंजाब यांच्या तंट्यात बी. एन. राव यांच्या आयोगाने १९४२ मध्येच ही दोन्ही टोके नाकारली होती आणि सर्वांच्या गरजा पाहून न्याय्य वाटप करावे, असे सांगितले होते. भारतीय लवादांनी पुढे हाच मार्ग धरला. कावेरीच्या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य नदी ही राष्ट्रीय संपत्ती आहे, कोणा एका राज्याची मालकी तिच्यावर नाही, हे पुन्हा ठामपणे नोंदवले. तत्त्वावर आता फारसा वाद उरलेला नाही. ते अमलात आणताना काय होते, हे पाहायला कृष्णेकडे यावे लागते.

कृष्णेचे खोरे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे. १९५१ मध्ये पाणीवाटपाचा एक करार झाला, पण म्हैसूरने त्याला मान्यता दिली नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने खोऱ्याच्या सीमाच बदलल्या. १० एप्रिल १९६९ रोजी न्या. आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. त्याने ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल एवढे पाणी, २०६० टीएमसी धरले. १९७६ च्या अंतिम आदेशाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी मिळाले. शेतातून झिरपून नदीला परत मिळणाऱ्या पाण्याचे ७० टीएमसी धरल्यावर हे आकडे ५८५, ७३४ आणि ८११ झाले.

या वाटणीच्या पोटात एक गोष्ट आहे, तिच्याकडे महाराष्ट्रात पुरेसे लक्ष गेले नाही. लवादाने सप्टेंबर १९६० पर्यंत चालू असलेल्या किंवा विचाराधीन प्रकल्पांच्या वापराला आधी संरक्षण दिले. २०६० पैकी सुमारे १६९३ टीएमसी तिथेच संपले. खऱ्या अर्थाने वाटायला उरले साडेतीनशेहून थोडे अधिक. विजयवाड्याचा जुना बंधारा एकोणिसाव्या शतकातला, नागार्जुनसागरची पायाभरणी १९५५ ची. ज्याने आधी बांधले त्याचे आधी झाले. सोलापूर, विजापूर, रायलसीमा हे खोऱ्यातले सर्वांत कोरडे पट्टे, पण तिथल्या शेतकऱ्यांचे कालवे कागदावरही उशिरा आले म्हणून ते या हिशेबात मागे पडले. चालू शेती मोडायची नाही, हा लवादाचा विचार मी चुकीचा म्हणणार नाही. डेल्टातला शेतकरी शंभर वर्षे भात पिकवत होता, त्याचे पाणी तोडणे कोणत्याच न्यायात बसले नसते. पण ‘वापर दाखवा आणि हक्क मिळवा’ हा धडा राज्यांनी त्यातून घेतला आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

याच निवाड्यात महाराष्ट्राच्या पश्चिमेकडे पाणी वळवण्यावर मर्यादा आली. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. वर्षाला ६७.५ टीएमसीपेक्षा जास्त पाणी असे वळवता येणार नाही, असे लवादाने ठरवले. भीमेच्या खोऱ्यातून टाटांच्या वीजघरांकडे जाणाऱ्या पाण्यालाही बंधन आले. त्यातले मुळशीचे धरण म्हणजे १९२१ मध्ये सेनापती बापटांनी ज्याच्याविरुद्ध सत्याग्रह केला तेच. उन्हाळ्यात सांगली-सोलापूरकडून कोयनेचे पाणी पूर्वेकडे सोडण्याची मागणी दरवर्षी होते. त्या मागणीमागे हा पन्नास वर्षांचा हिशेब आहे.

बच्छावत लवादाने दोन योजना मांडल्या होत्या. पहिलीत प्रत्येक राज्याला ठरीव पाणी आणि त्याच्या वापराची मर्यादा. दुसरीत कृष्णा खोरे प्राधिकरण असणार होते आणि तुटीच्या व जादा पावसाच्या वर्षांत सर्वांनी प्रमाणात वाटून घ्यायचे होते. राज्यांचे एकमत झाले नाही, म्हणून पहिली योजना लागू झाली. मग तुटीच्या वर्षाचे काय? तूट खालच्या आंध्रला सोसावी लागेल, म्हणून जादा वर्षांत उरलेले पाणी वापरण्याची मोकळीक आंध्रला मिळाली, मात्र त्यावर हक्क सांगता येणार नाही अशी अट घालून. हक्क नसलेल्या पाण्यावर कालवे निघाले, त्या कालव्यांवर गावे उभी राहिली, आणि पंचवीस वर्षांनी तोच वापर नव्या लवादापुढे गरज म्हणून आला.

निवाड्याच्या फेरविचाराची तारीख होती ३१ मे २०००. ‘तोवर पाणी अडवले नाही तर ते कायमचे जाईल’ हे वाक्य नव्वदच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक सभेत ऐकू येत असे. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, रोखे काढून पैसा उभा केला गेला. कर्नाटकाने १९९४ मध्येच कृष्णा भाग्य जल निगम काढला होता. दोन्हीकडे धरणांच्या भिंती आधी वर आल्या. कालवे, वितरिका, चाऱ्या मागे राहिल्या. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी आटपाडी-जतच्या शेवटच्या गावांपर्यंत पोहोचायला दशके लागली. पाण्यासाठी कर्नाटकात जाऊ, असा ठराव जत तालुक्यातल्या गावांनी केला तो या दिरंगाईतून. लवादाने महाराष्ट्राला दिलेले पाणी जतला न मिळण्याचा दोष कर्नाटकावर किंवा आंध्रवर टाकता येत नाही. राज्याराज्यांतल्या तंट्याचा आवाज मोठा असतो आणि त्याखाली राज्याच्या आतली वाटणी झाकली जाते.

आलमट्टीचा वाद याच कहाणीतला. धरणाची उंची किती, यावर आंध्र आणि कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले. २००० मध्ये न्यायालयाने ५१९.६ मीटरपर्यंत पाणी अडवायला मुभा दिली, आणि दुसऱ्या लवादाने ५२४.२५६ मीटर मान्य केले. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापुरात या उंचीची धास्ती बसली आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने आलमट्टीच्या फुगवट्याला पुराचे मुख्य कारण मानले नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणे यांच्याकडे तिने बोट दाखवले. हा निष्कर्ष पूरग्रस्त भागातल्या अनेक कार्यकर्त्यांनी स्वीकारलेला नाही. त्यांचे म्हणणे फेटाळण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की आलमट्टीत कधी किती पाणी होते आणि विसर्ग कोणत्या तासाला वाढवला, ही माहिती पुराच्या ऐन रात्री दोन राज्यांत हक्काने आणि आपोआप फिरत नव्हती. दोन जलसंपदा मंत्र्यांच्या फोनवर ती अवलंबून होती. हिश्श्याच्या कोष्टकात पुराला रकाना नाही.

तुटीचा प्रश्न सर्वांत उघडा पडला तो कावेरीवर. १८९२ आणि १९२४ चे करार मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थान यांच्यातले. १९२४ च्या कराराची पन्नास वर्षांची मुदत १९७४ मध्ये संपली. लवाद बसायला १९९० उजाडले. २५ जून १९९१ ला लवादाने अंतरिम आदेश दिला की कर्नाटकाने तामिळनाडूला वर्षाला २०५ टीएमसी पोहोचते करावे. कर्नाटकाने त्याविरुद्ध वटहुकूम काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. डिसेंबरमध्ये आदेश राजपत्रात आला आणि बंगळूर-म्हैसुरात तमिळ वस्त्यांवर हल्ले झाले. अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ चा: एकूण ७४० टीएमसीपैकी तामिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३०, पुद्दुचेरीला ७. तो राजपत्रात यायला आणखी सहा वर्षे गेली, तेही सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला भाग पाडल्यावर. १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने कर्नाटकाला १४.७५ टीएमसी वाढवून मिळाले. त्यातले ४.७५ बंगळूरच्या पिण्याच्या पाण्यासाठी, बाकीचे तामिळनाडूतल्या भूजलाचा विचार करून.

२००७ च्या निवाड्यात एक वाक्य आहे, त्याच्यावर पुढची सगळी वर्षे झुंजण्यात गेली. टंचाईच्या वर्षी सर्वांचे हिस्से प्रमाणात कमी करावेत. एवढेच. टंचाई कोणत्या तारखेला जाहीर करायची? मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेने १२ जूनला उघडतात, त्यावर तंजावरची कुरुवई पेरणी ठरते. त्या तारखेला कर्नाटकात मान्सून जेमतेम सुरू झालेला असतो. वर्षाचा पाऊस कळण्याआधीच डेल्टाला पाणी लागते आणि कृष्णराजसागरच्या पाण्यावर मंड्याचा शेतकरी डोळे लावून असतो. वार्षिक आकडा कितीही अचूक असो, जून आणि ऑगस्टमधले पंधरा-पंधरा दिवस सांभाळायला तो पुरत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच दिवसाला किती क्युसेक सोडायचे हे ठरवावे लागले आणि बंगळूरमध्ये वाहने जळाली.

२०१८ च्या निकालानंतर कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण आणि त्याची नियमन समिती स्थापन झाली. २०२३ चा मान्सून दगा देणारा होता. समिती दर पंधरा दिवसांनी बसली, साठे पाहिले, दोन राज्यांच्या सीमेवरच्या बिलिगुंडलूला मोजायचा ५००० क्युसेकचा विसर्ग ठरवला. दोन्ही राज्ये नाराज झाली, बंगळूर आणि कर्नाटक बंद पाळले गेले, सर्वोच्च न्यायालयाने मात्र प्राधिकरणाच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. राग होता, पण १९९१ किंवा २०१६ सारखी जाळपोळ झाली नाही. एका वर्षावरून मोठा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही शिव्या खायला आणि मोजायला एक ठरलेली समिती असण्याचा उपयोग मला त्यात दिसतो.

ठरलेल्या मोजणीचा हा उपयोग गोदावरीवर आपण जवळून पाहिला आहे. तिथला लवादही बच्छावतांचाच, आणि त्याने १९८० मध्ये मुख्यतः राज्यांनी आपसात केलेल्या करारांवर शिक्कामोर्तब केले. पैठणच्या वरचे पाणी महाराष्ट्राने वापरावे आणि पैठणच्या खाली आंध्रातल्या पोचमपाड धरणापर्यंतच्या नव्या वापराला ६० टीएमसीची मर्यादा असावी, असे ठरले. नांदेड जिल्ह्यातला बाभळी बंधारा फक्त २.७४ टीएमसीचा, पण तो पोचमपाडच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येत असल्याने आंध्रने हरकत घेतली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधारा मान्य केला, अटींसह. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचे, देखरेखीला त्रिसदस्य समिती. नांदेडच्या शेतकऱ्याची तक्रार खरी आहे: दरवाजे बंद करण्याची तारीख येईपर्यंत पूर ओसरलेला असतो आणि कित्येकदा बंधारा भरतच नाही. या तारखा बदलायला हव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पण भांडण पुन्हा पेटलेले नाही, कारण वाद ज्याच्यावर होता ती गोष्ट, म्हणजे दरवाजा केव्हा उघडा आणि केव्हा बंद, हीच निकालात लिहिली गेली.

रावी-बियासचा तंटा याच्या दुसऱ्या टोकाला. १९८६ मध्ये नेमलेल्या इराडी लवादाचा अंतिम निवाडा अजून नाही. सतलज-यमुना जोडकालव्याचा पंजाबातला भाग अर्धवट पडला आहे, आणि २००४ मध्ये पंजाबने पूर्वीचे करारच कायद्याने रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायदा घटनेला धरून नाही असे मत दिले, तरी कालव्यात पाणी आले नाही. नर्मदेच्या निवाड्याने उलट १९७९ मध्येच नियंत्रण प्राधिकरणाची तरतूद केली, विजेची वाटणी ठरवली आणि पुनर्वसनाच्या अटीही लिहिल्या. तरीही अक्कलकुवा-अक्राणीतल्या बुडालेल्या गावांना त्या अटी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे लढावे लागले. महाराष्ट्राच्या वाट्याला तिथे फक्त पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आले, विस्थापन मात्र तेहेतीस गावांचे.

म्हादईचा वाद वेगळ्या जातीचा आहे आणि गोव्याबाहेर तो नीट समजून घेतला जात नाही. खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात उगम, गोव्यात मांडवी, मग समुद्र. कळसा-भंडुरा योजनेतून हे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडच्या पिण्याला द्यावे, ही कर्नाटकाची मागणी. न्या. पांचाळ लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले. त्यातले ८.०२ वीजनिर्मितीचे, जे नदीतच परत येते. वळवण्याचे ३.९०. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. लवादाने खोऱ्यातले एकूण पाणी १८८ टीएमसी धरले, त्यापुढे ३.९ किरकोळ वाटते. पण १८८ मधले बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्राला जाते. मांडवीत भरतीचे खारे पाणी आत खोलवर चढते. उन्हाळ्यात वरून गोडे पाणी कमी आले तर ते आणखी वर सरकेल, खाजण शेती आणि ओपाच्या परिसरातल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत त्याची भीती पोहोचेल, असे गोव्याचे म्हणणे आहे. धारवाडच्या माणसाची तहानही तितकीच खरी. मात्र वर्षाच्या बेरजेत समुद्राला जाणारे पाणी ‘वाया’ धरले जाते, आणि नदीच्या मुखाशी त्याच पाण्यावर मासळी आणि शेती जगते, याचा हिशेब अजून कच्चा आहे.

राज्यांना न जमलेली एक गोष्ट महाराष्ट्राने आपल्या घरात केली आहे. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे की नाही, हा वाद कोणत्याही आंतरराज्य तंट्याइतकाच कडवा होता. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये धरणनिहाय कोष्टके दिली. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने किती सोडायचे, ते त्यात लिहिलेले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. आजही नगर-नाशिककर कोर्टात जातात, आंदोलने करतात, कोष्टकांचा फेरविचार मागतात. पण आता वाद होतो तो तारखेवर, टक्क्यावर आणि वाटेतल्या गळतीवर. पाणी सोडायचेच नाही, असे उघडपणे म्हणता येत नाही.

कृष्णेवर हे कोष्टक हवे आहे, आणि ते आज आणखी गरजेचे झाले आहे. बच्छावतांचे २०६० टीएमसी चारपैकी तीन वर्षांचे होते. ब्रिजेशकुमार लवादाने ६५ टक्के विश्वासार्हतेवर २२९३ धरले, म्हणजे साधारण दर तिसरे वर्ष तुटीचे, आणि पुढे सरासरीपर्यंत जाऊन २५७८ वाटले. आकडा जितका मोठा, तितकी तो न मिळण्याची वर्षे अधिक. महाराष्ट्राला मिळालेल्या ६६६ मध्ये वाढीव पाणी याच प्रकारचे आहे, आणि आपल्या राजकारणात ते मिळालेलेच आहे असे धरून योजना आखल्या जातात.

या लवादाने अंमलबजावणीसाठी मंडळ सुचवले होते, ते निवाड्याबरोबर अडकून पडले आहे. आंध्र पुनर्रचना कायद्याने २०१४ मध्ये कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ दिले खरे, पण ते फक्त आंध्र आणि तेलंगणासाठी. श्रीशैलम आणि नागार्जुनसागर त्याच्या कक्षेत, कोयना, उजनी, आलमट्टी, नारायणपूर बाहेर. नदीच्या वरच्या अर्ध्या भागावर कोणाचीच सामायिक मोजणी नाही. हिश्श्याचा खटला चालायचा तो चालू दे. चार राज्यांची एक नियमन समिती, या सहा धरणांची रोजची पातळी आणि विसर्ग एकमेकांना आणि लोकांना उघड करणे, आणि टंचाईच्या वर्षाचे महिनावार कोष्टक, एवढे निवाड्याची वाट न पाहता राज्यांच्या करारातून करता येते. १९७६ मध्ये मद्रासच्या पिण्यासाठी खोऱ्यातल्या तेव्हाच्या तिन्ही राज्यांनी प्रत्येकी ५ टीएमसी द्यायचा करार केला होता, तो कोणत्याही लवादाच्या आदेशाविना. पहिला प्रस्ताव महाराष्ट्राने मांडावा. कोयना आणि उजनीची पातळी आधी आपण खुली केली, तर जुलैमध्ये आलमट्टीची पातळी मागण्याचा सांगलीचा हक्क कर्नाटकाला नाकारता येणार नाही.